अंदमानच्या किनाऱ्यावरचे ‘मेलेले’ प्रवाळ

अंदमानला पहिल्यांदा निघालेल्या निसर्गप्रेमींना हमखास सांगितले जाते की जिवंत प्रवाळ तोडू नये, मात्र वाळूत पडलेले मेलेले तुकडे आणि रिकामे शंख खुशाल उचलावेत. हा समज चुकीचा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली प्रवाळांना 2001 पासून परिशिष्ट 1 चे, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण आहे. हे संरक्षण मृत प्राण्याला आणि त्याच्या अवशेषांनाही लागू असल्यामुळे विमानतळावरच्या तपासणीत असा तुकडा सापडला, तर ‘तो मेलेलाच होता’ हा बचाव टिकत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी ‘रिकामा’ शंख वाया गेलेला नसतो. तिथल्या किनाऱ्यांवर शंखात राहणारे खेकडे सर्रास दिसतात. त्यांचे पोट मऊ आणि शंखासारखे वळलेले असते, त्यावर कठीण कवच नसते. म्हणून ते गोगलगाईंचे सोडलेले शंख पाठीवर वागवतात आणि अंग वाढले की मोठा शंख शोधतात. मापाचा शंख मिळाला नाही, तर त्यांना आखूड घरातच दिवस काढावे लागतात. प्रवाळांचे तुकडे झिजून तिथल्या पांढऱ्या वाळूत भर पडते, हे वेगळेच.

म्हणून सहल आखताना पिशवीपेक्षा भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाची काळजी घ्यावी. शहीद द्वीपावर (जुने नाव नील) लक्ष्मणपूरच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी डबक्यांतील समुद्रजीव पाहता येतात. पाय मात्र कोरड्या खडकावरच ठेवावा, कारण पाण्याखालचा ‘दगड’ बहुधा जिवंत प्रवाळ असतो.