जो स्टॅफर्ड यांची हिवाळी एलपी ‘स्की ट्रेल्स’ : घेण्यापूर्वी आणि ऐकताना

डिसेंबर उजाडला की दुकानात बिंग क्रॉसबी आणि डीन मार्टिन यांच्या रेकॉर्डना मागणी येते. अमेरिकन गायिका जो स्टॅफर्ड यांचं नाव घेऊन मात्र क्वचितच कोणी येतं. त्यांची १९५६ सालची ‘स्की ट्रेल्स’ ही एलपी (अनेक गाण्यांची मोठी तबकडी) आम्हाला आपणहून ग्राहकांच्या हातात ठेवावी लागते, आणि ती आम्ही आनंदाने ठेवतो. त्यासाठीच हे पत्रक.

जो स्टॅफर्ड (१९१७–२००८) कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावच्या. मुळात त्यांना ऑपेरात गायचं होतं आणि तसं शिक्षणही त्यांनी घेतलं होतं. पुढे ‘पाइड पायपर्स’ या गायकगटातून त्या टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदात गेल्या. तिथे तरुण फ्रँक सिनात्रा त्यांच्यासोबत गात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी प्रेमाने त्यांचं नाव ‘जीआय जो’ पाडलं (‘जीआय’ म्हणजे अमेरिकन सैनिक). १९५२ मध्ये त्यांचं ‘यू बिलाँग टू मी’ हे गाणं अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. जानेवारी १९५३ मध्ये ते ब्रिटनच्या यादीतही अव्वल ठरलं आणि त्या यादीत पहिलं स्थान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री गायिका झाल्या. मग रॉक अँड रोलची लाट आली, साठच्या दशकात त्यांनी स्वतःच गाणं आवरतं घेतलं आणि नाव मागे पडलं.

कान कुठे द्यावा

आपले कान हरकती-मुरक्यांना सरावलेले. स्टॅफर्डबाईंच्या गाण्यात तशा जागा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. कोणी त्यांचा आवाज ‘थंड’ म्हणतं. आम्हाला ते पटत नाही. त्यांचा सूर थेट मधोमध लागतो, खालून चाचपडत वर येत नाही. लांबवलेला सूर बहुतेक वेळा सरळ उभा राहतो आणि अगदी शेवटी त्याला किंचित कंप सुटतो. भावना दाखवण्यासाठी त्या आवाज फोडत नाहीत, उसासे टाकत नाहीत. गाण्यातलं दुःख किंवा ऊब त्या ऐकणाऱ्यावर सोपवतात. तानपुऱ्यावर षड्ज लावून बसलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

‘मूनलाइट इन व्हर्मॉन्ट’ पहिल्यांदा लावा. हे गाणं १९४४ सालचं. शब्द जॉन ब्लॅकबर्न यांचे, चाल कार्ल स्यूसडॉर्फ यांची. त्यात यमक नाही. मधला भाग सोडला तर प्रत्येक कडवं पाच-सात-पाच अक्षरांचं, म्हणजे हायकूच, ती जपानी तीन ओळींची कविता. एलपीचं नाव असलेले शब्दही याच गाण्यात येतात. यमकाचा आधार नसला की ओळ कुठे टेकवायची हे गायकालाच ठरवावं लागतं, आणि स्टॅफर्डबाई ती इतक्या अलगद टेकवतात की काही उणं आहे हे जाणवतही नाही.

‘लेट इट स्नो’ सॅमी कान आणि जूल स्टाइन यांनी लिहिलं ते जुलै १९४५ मध्ये, हॉलिवूडच्या उकाड्यात. बर्फ न पाहिलेल्यांनी संकोच करू नये. या एलपीत नाताळची भक्तिगीतं नाहीत, त्यामुळे संक्रांतीपर्यंत खुशाल वाजवावी.

वाद्यवृंद पॉल वेस्टन यांचा. १९५२ पासून ते स्टॅफर्डबाईंचे पतीही. व्हायोलिनं कुठेही आवाजावर चढत नाहीत. मागे नॉर्मन लुबॉफ यांचा गायकवृंद आहे. तो काही ठिकाणी आम्हाला जरा जास्त गोड वाटतो.

घेताना

लेबलवरचं ‘कोलंबिया’ नीट बघा. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवर दिसणारी कोलंबिया ही ब्रिटिश ईएमआय कंपनीच्या घराण्यातली. ही एलपी अमेरिकन कोलंबियाची. पन्नाशीच्या दशकातल्या मूळ प्रतीचं लेबल लाल असतं आणि त्याच्या डाव्या-उजव्या कडांना डोळ्यासारखी तीन-तीन चिन्हं असतात.

रेकॉर्ड मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरमधून एकच आवाज येतो. अमेरिकन कोलंबियाच्या स्टिरिओ एलपी १९५८ पासून आल्या. तुमच्या अॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर जरूर दाबा. मोनो खाचेत आवाज फक्त आडव्या हालचालीत कोरलेला असतो. स्टिरिओ सुई उभी हालचालही टिपते आणि त्यातून धुळीची खरखर तेवढी वाढते; मोनोचं बटण ती कमी करतं. सरळ सुरांच्या या गाण्यात ती लगेच खुपते.

घरी जुना प्लेअर असेल तर सुई कोणत्या बाजूला आहे ते आधी तपासा. अनेक प्लेअरमध्ये एक बाजू मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांसाठी आणि दुसरी एलपीसाठी असते. ७८ ची सुई जाड, ती एलपीच्या खाचेत बसत नाही आणि कडा खरवडते. तसं झालं की ती प्रत गेली.

पावसाळ्यात बुरशीचे ठिपके आले तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड घेऊन खाचांच्या दिशेने, गोल फिरवत पुसा. लेबल भिजू देऊ नका. पूर्ण वाळल्यावर नव्या आतल्या पिशवीत घालून उभी ठेवा. आडव्या थप्पीत रेकॉर्ड वाकतात.

घेण्याआधी दुकानात दोन्ही बाजू ऐकून बघा. आम्ही लावून देतो, घाई नसते.