पाइप ऑर्गन, प्रॉम्स महोत्सवातील

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दर उन्हाळ्यात भरणाऱ्या ‘प्रॉम्स’ या अभिजात संगीत महोत्सवातील पाइप ऑर्गनचे एकल व वाद्यवृंदासह वादन. मराठी संगीत नाटकांच्या साथीचा पायऑर्गन धातूच्या कंप पावणाऱ्या पत्त्यांवर (रीड) बोलतो. पाइप ऑर्गनमध्ये मात्र भात्याची हवा उभ्या नळ्यांत शिरून स्वर उमटतो.

वाद्य हेन्री विलिस यांनी १८७१ मध्ये बांधले. त्याच वर्षी ब्रुकनर व सें-साँस या संगीतकारांनी ते वाजविले. हॅरिसन अँड हॅरिसन (१९२४–३३) आणि मँडर (२००२–०४) या कारखान्यांनी त्याची मोठी डागडुजी केली. स्टॉप (नळ्यांचे संच निवडण्याच्या खुंट्या) १४७, नळ्या ९,९९९, काही नोंदींत ९,९९७. पहिला आकडा अधिक रूढ आहे.

महोत्सव १८९५ मध्ये लंडनच्याच क्वीन्स हॉल या सभागृहात सुरू झाला. श्रेय सहसा वाद्यवृंदाचे संचालक हेन्री वुड यांना दिले जाते; मूळ कल्पना मात्र व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांची मानणे अधिक सयुक्तिक. पैसा जॉर्ज कॅथकार्ट या घशाच्या डॉक्टरांनी पुरविला. त्यांची अट महत्त्वाची होती: इंग्लंडची पट्टी (वाद्ये जुळवण्याचा आधारस्वर) युरोपातल्यापेक्षा जवळजवळ अर्ध्या स्वराने चढी होती, गळ्यांना ती जाचते, म्हणून ती उतरवावी. सुषिर वाद्ये वाजविणारे अडून बसले, तेव्हा कॅथकार्ट यांनी बेल्जियमहून नवी वाद्ये आणवून त्यांना दिली.

पट्टीचा प्रश्न ऑर्गनपुरता आजही जिवंत आहे. साध्या, पत्ती नसलेल्या नळ्यांचा स्वर हवेच्या उष्णतेबरोबर चढतो, तापमानाच्या दर अंश सेल्सिअसला सुमारे ३ सेंट (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर). ज्यांच्या तळाशी पत्ती असते त्या नळ्यांचा स्वर फारसा हलत नाही. उन्हाळ्यात सभागृह भरले की एकाच वाद्याचे दोन गट एकमेकांपासून सरकतात. ऐनवेळी हजारो नळ्या जुळवणे अशक्य. त्यामुळे एरवी ओबो या सुषिर वाद्याकडून स्वर घेणारा वाद्यवृंद ऑर्गनचा स्वर धरतो.

क्वीन्स हॉल मे १९४१ मध्ये बाँबहल्ल्यात जळाल्यावर महोत्सव अल्बर्ट हॉलमध्ये आला. सें-साँस यांची तिसरी सिंफनी (पहिले वादन लंडन, १८८६) येथे विशेष खुलते. संथ भागात ऑर्गन तंतुवाद्यांखाली इतका हळू येतो, की पायांनी दाबायच्या पट्ट्यांवरचा खर्ज कानाआधी खुर्चीच्या लाकडात जाणवतो. अखेरच्या भागाच्या आरंभी तोच ऑर्गन सी मेजरच्या भरघोस स्वरसंघाताने सभागृह भरून टाकतो.