वेब स्क्रेपिंगमध्ये रचनेवरून घटक निवडणं

वेब स्क्रेपिंग म्हणजे प्रोग्राम लिहून वेबपेजवरची माहिती आपोआप गोळा करणं. त्यात पेजवरचा हवा तो आकडा त्याच्या जागेवरून पकडायचा, म्हणजे तो कोणाच्या पोटात आहे, कोणाच्या शेजारी आहे, कितवा आहे हे बघून, यालाच रचनेवरून घटक निवडणं म्हणतात. एचटीएमएल, म्हणजे पेज ज्या कोडमध्ये लिहिलेलं असतं ते, वाचलं की त्याचं एक झाड बनतं, टेबलच्या पोटात ओळी, ओळीच्या पोटात सेल, आणि सिलेक्टर त्या झाडावरचा रस्ता सांगतो. रस्ता सांगायला सीएसएस (पेजची सजावट ठरवणारी भाषा) मधले सिलेक्टर नाहीतर एक्सपाथ (झाडातला रस्ता लिहायची भाषा) वापरतात. एक्सपाथ 1999 पासून डब्ल्यू थ्री सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत स्टँडर्ड आहे.

समजा नागपूरच्या कळमना मार्केटमधले संत्र्याचे भाव रोज गोळा करायचेत. टेबलमध्ये शेतमाल, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर असे कॉलम आहेत. नवीन माणूस सरळ "चौथ्या ओळीतला पाचवा सेल" लिहून मोकळा होतो, आज बरोबर येतं, पण उद्या वरचं लिंबू आलंच नाही तर ओळी वर सरकतात आणि संत्र्याच्या नावावर भलत्याच मालाचा भाव साठत राहतो, एरर पण येत नाही, हेच सगळ्यात वाईट. नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कोणी पत्ता विचारला तर आपण झाशी राणीच्या पुतळ्यापासून सांगतो ना, सतरावं दुकान असं नाही सांगत, तसंच इथे "संत्रा" लिहिलेला सेल आधी शोधायचा आणि मग त्याच ओळीत पुढे जायचं. एक्सपाथमध्ये मजकुरावरून शोधता येतं, स्टँडर्ड सीएसएसमध्ये नाही येत, म्हणून अशा टेबलांना एक्सपाथच बरा. कॉलम सुद्धा हेडिंगच्या नावावरूनच ठरवावा. संत्र्याचा आंबिया बहार संपून मृग बहार, म्हणजे पुढचा हंगाम, यायचा असतो तेव्हा संत्र्याची ओळच नसू शकते, अशा दिवशी रकाना रिकामा ठेवायचा, शून्य टाकायचं नाही, नाहीतर सरासरीची वाट लागते.

ब्राउझरमधून कॉपी केलेला एक्सपाथ बरेचदा चालत नाही, कारण मूळ एचटीएमएलमध्ये नसलेला टीबॉडी (टेबलच्या ओळींना गुंडाळणारा टॅग) ब्राउझर स्वतः घालतो आणि तो कॉपी केलेल्या रस्त्यात येतो.

मराठी पेजवर अजून एक भानगड असते, "शेतकऱ्यांचा" मधला ऱ युनिकोडमध्ये (अक्षरांना कोड देणाऱ्या पद्धतीत) एकाच अक्षराने पण लिहिता येतो आणि र ला नुक्ता (खालचा टिंब) जोडून पण, दिसायला सारखेच पण कोड वेगळे, त्यामुळे जुळवणी फसते, म्हणून पेजवरचा मजकूर आणि आपला शब्द दोन्ही आधी एनएफसीमध्ये, म्हणजे युनिकोडच्या एकाच ठरलेल्या रूपात, आणून घ्यायचे.