एक्सप्रेसो, एस्प्रेसो आणि नाशिकमधली मशीनची सफाई

घरचं एस्प्रेसो मशीन दुरुस्तीला न्यावं, तर नाशिकमधला मिस्त्री आधी विचारतो, "लग्नातलं एक्सप्रेसो ना?" त्याचं चूक नाही. आपल्याकडे हा शब्द कॅफेतून आलाच नाही, मांडवातून आला. गॅसवर तापणारा बॉयलर, बाजूला काट्याचं प्रेशर मीटर, वर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि पुढे वाफेची नळी. स्टीलच्या जगमध्ये दूध, साखर, इन्स्टंट कॉफी घालून नळी आत धरायची, फेस कपात ओतायचा आणि वरून चॉकलेट पावडर भुरभुरायची. दाबाखालचं गरम पाणी बारीक दळलेल्या कॉफीतून ढकलून निघतो तो एस्प्रेसो, आणि यात तो औषधालाही नाही. पण वाफ होती, फुसफुसाट होता, आणि 'एक्सप्रेस' हा शब्द रेल्वेमुळे तोंडात बसलेला होता. नाव चिकटलं.

शब्दाचा एवढा कीस काढायचं कारण असं, की नावापाठोपाठ दुरुस्तीची सवयही आली. मांडवातल्या त्या मशीनमधून कॉफी कधी जातच नाही. आत फक्त पाणी आणि वाफ. बिघडायचं ते ठरलेलं: बॉयलरला क्षार धरतो, व्हॉल्व्ह गळतो, वॉशर कडक होतं. तांब्यापितळेचं काम पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या या गावात बॉयलरला डाग देणारा हात मिळणं कधी अवघड नव्हतं. ॲसिडने आतून धुवायचं, वॉशर बदलायचं, मशीन पुढच्या लग्नाला तयार. 'सफाई' म्हणजे 'क्षार काढणे' हे समीकरण तिथे पक्कं झालं, आणि त्या मशीनपुरतं ते बरोबरही होतं.

आता इटलीतली बाजू. वाफेच्या दाबावर कॉफी काढणारी उभ्या बॉयलरची मशीन १९०१ च्या पेटंटनंतर रुळली. दाब जेमतेम दीड बार, म्हणजे साधारण हवेच्या दाबाच्या दीडपट. दिसायला ती आपल्या मांडवातल्या मशीनची थोरली बहीण शोभावी. महायुद्ध संपल्यावर, १९४७-४८ च्या सुमारास, स्प्रिंगच्या दांड्यावर चालणारा दट्ट्या आला, दाब ८-९ बारवर गेला, कपावर क्रेमा, म्हणजे तपकिरी फेस, दिसू लागला. देखभालीत भर पडली ती दट्ट्याच्या सीलना ग्रीस लावण्याची.

खरी कलाटणी १९६१ ची. त्या वर्षी फेब्रुवारीत इटलीत खग्रास सूर्यग्रहण झालं आणि त्यावरून नाव घेतलेलं ई६१ मशीन बाजारात आलं. त्याचा पंप सगळ्यांना ठाऊक असतो. सफाईचा इतिहास मात्र त्याच्या झडपांनी बदलला. कॉफी काढून झाल्यावर भुकटी भरायच्या बास्केटवर अडकलेला दाब सोडून देण्याची वाट त्यात होती. नंतरच्या मशीनमध्ये तेच काम विजेवरचा थ्री-वे व्हॉल्व्ह करू लागला. सोय मोठी: बास्केट धरणारं हँडल काढताना चोथा तोंडावर उडत नाही. पण दाब उलटा सुटताना सोबत कॉफीचं तेल आणि बारीक भुकटी ग्रुपहेडच्या, म्हणजे हँडल अडकवतात त्या तोंडाच्या, आत ओढली जाते. म्हणजे जिथे पूर्वी फक्त पाणी होतं, तिथे कॉफी शिरली. आंधळं, म्हणजे छिद्रं नसलेलं बास्केट लावून सफाईच्या पावडरने बॅकफ्लश करायची, म्हणजे पाणी उलटं आत फिरवून धुवायची रीत यातूनच आली.

घरगुती मशीन हाच वारसा घेऊन आली, पण अर्धामुर्धा. १९९१ च्या आसपास आलेल्या एका लोकप्रिय इटालियन घरगुती मशीनमध्ये ५८ मिमी व्यासाच्या बास्केटचं हँडल आणि थ्री-वे व्हॉल्व्ह दोन्ही होतं. स्वस्त मशीनमधून मात्र कंपन्यांनी हा व्हॉल्व्ह गाळला. किंमत कमी ठेवायची तर हे करावं लागतं, असं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. माझ्या मते यात पैसे वाचले कंपनीचे, आणि ग्रुपहेडची जाळी स्क्रू काढून हाताने घासायचं काम गेलं गिऱ्हाइकाकडे. अशा मशीनवर बॅकफ्लश करू नये. दाब सुटायला वाटच नसते.

आणि इथेच नाशिकची सवय आडवी येते. क्षार निघतो सायट्रिक ॲसिडसारख्या आम्लाने, तेल निघतं अल्कलीयुक्त पावडरने. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. सेकंडहँड घेतलेल्या माझ्या मशीनची कॉफी कडवट लागायची, म्हणून दोन ठिकाणी सर्व्हिसिंग करून आणलं. दोन्हीकडे मनापासून क्षार काढून दिला. शेवटी घरीच वरची जाळी उघडली तर मागे डांबरासारखा थर. क्षाराचा कणही नव्हता, पण ॲल्युमिनियमच्या बॉयलरने उगाच दोनदा ॲसिड पचवलं.

पाण्याचंही असंच. गंगापूर धरणातून येणारं महापालिकेचं पाणी तुलनेने सौम्य, बोअरचं जड. नव्या वसाहतींत टाकीत दोन्ही एकत्र होतं, त्यामुळे क्षार काढायचं शेजारच्या बिल्डिंगचं वेळापत्रक आपल्याला लागू पडत नाही. यावर उपाय म्हणून थेट आरओचं पाणी ओतणारे पुष्कळ आहेत. पण ज्या मशीनमध्ये पाण्याची पातळी पाण्यातून जाणाऱ्या विजेवर ओळखली जाते, तिथे फार शुद्ध पाणी सेन्सरला दिसतच नाही आणि बॉयलर भरत राहतो.

सुट्या भागांत सगळ्यात लवकर जाते ती ग्रुपहेडची रिंग. कुकरची रिंग जशी कडक होते तशीच. हँडल नेहमीपेक्षा बरंच पुढे फिरू लागलं, किंवा कडेने पाणी झिरपलं, की तिचे दिवस भरले. बाजारात 'काळी ओ-रिंग' म्हणून हातात येते ती बहुधा नायट्राइल रबराची. ती तेलाला दाद देत नाही, पण सततच्या वाफेपुढे टिकत नाही. इथे लागतं ईपीडीएम नावाचं रबर किंवा सिलिकॉन. ईपीडीएमची खोड उलटी: वाफ सोसते, पण गाडीचं ग्रीस लागलं की फुगते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत रबर कापून देणारे आहेत, त्यांना माप आणि रबराचा प्रकार दोन्ही लिहूनच द्यावं. मी नुसतं "आठची" म्हणालो होतो. मला हवी होती ८.५ मिमी जाडीची. अर्ध्या मिमीने हँडल पार उजव्या टोकाला जाऊन टेकलं आणि पाणी गळायचं ते गळतच राहिलं.

जुनी रिंग बाहेर काढताना चाकूने टोकरू नये, पितळी कडेवर ओरखडा पडतो. ती एव्हाना बॅकेलाइटसारखी झालेली असते. समोरासमोर दोन बारीक स्क्रू तिच्यात फिरवायचे आणि पकडीने आळीपाळीने खाली ओढायचे. तुकड्यातुकड्यांनी येते.