गाइड विभाग (भारत स्काउट्स आणि गाइड्स): मुली आणि कॅप्टन

भारत स्काउट्स आणि गाइड्स या संघटनेतल्या मुलींच्या शाखेला गाइड विभाग म्हणतात. शाळेत निळा ड्रेस, गळ्यात स्कार्फ, त्याला वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी), डाव्या हाताने हस्तांदोलन आणि तीन बोटांचा सॅल्यूट करणाऱ्या मुली दिसल्या की त्या गाइड. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं 15 ऑगस्टच्या संचलनापुरतंच वाटतं आणि खरं सांगायचं तर बऱ्याच शाळांमध्ये ते तेवढंच असतं. पण जिथे पथक चालवणारी बाई, म्हणजे कॅप्टन, मनापासून करते तिथे याच विभागात तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला जे काही करायला मिळतं ते शाळेत दुसरीकडे कुठे मिळत नाही, म्हणून या नोंदीत मुलींइतकंच त्या बाईबद्दलही लिहिलंय.

चळवळ सुरू झाली ती मुलींच्या आगाऊपणामुळे. सप्टेंबर 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बॉय स्काउट्सचा मेळावा होता, तिथे काही मुली स्वतःच टोप्या-स्कार्फ घालून हजर झाल्या, आम्हालाही घ्या म्हणाल्या. स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी मग 1910 मध्ये मुलींसाठी वेगळी संघटना काढली आणि बहीण ॲग्नेसकडे सोपवली. भारतात पहिली गाइड कंपनी (म्हणजे मुलींचं पथक) 1911 मध्ये जबलपूरला निघाली, पण ते प्रकरण आधी युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरतंच होतं, भारतीय मुलींना प्रवेश नंतर मिळाला. स्वातंत्र्यानंतर देशातल्या वेगवेगळ्या स्काउट संघटना 7 नोव्हेंबर 1950 ला एकत्र आल्या आणि 15 ऑगस्ट 1951 ला गर्ल गाइड्सही त्यात सामील झाल्या. त्यामुळे आपल्याकडे मुलं-मुली एकाच संघटनेत असतात पण पथकं वेगळी असतात. ब्रिटनमध्ये स्काउट संघटनेने 1991 पासून सगळ्या वयोगटांत मुलींना घ्यायला सुरुवात केली, अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सनी तर 2018-19 मध्ये, आपल्याकडे मात्र वेगळ्या पथकांची पद्धत टिकून आहे. ती असावी का नसावी यावर वाद घालता येईल, पण मुलींचं पथक वेगळं असल्याचा एक फायदा नक्की होतो, तंबू ठोकायला आणि लाकडं फोडायला "तू बाजूला हो, मी करतो" म्हणणारा कोणी नसतो!

वयाप्रमाणे टप्पे आहेत. अगदी लहानांसाठी बनी, मग प्राथमिक शाळेतल्या मुलींसाठी बुलबुल, दहा वर्षं पूर्ण झाली की गाइड आणि कॉलेजच्या वयात रेंजर, ती पंचविशीपर्यंत. बुलबुलचा गट म्हणजे फ्लॉक, त्यांना कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख, हीरक पंख असे बॅज मिळत जातात. गाइडला प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. रेंजरला प्रवीण आणि निपुण पार करून तिथे जाता येतं. प्रत्येक सोपानाला चाचणी असते, त्यात गाठी (रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन वगैरे), प्रथमोपचार, होकायंत्र, नकाशा वाचणं, शिट्टीचे आणि हाताचे इशारे, काठ्या-दोरी वापरून भांडी ठेवायचा स्टँड नाहीतर चपलांचा रॅक बांधणं, याला गॅझेट म्हणतात, असं बरंच काही येतं.

पण बॅज हा भाग थोडा जास्तच मिरवला जातो असं माझं मत आहे. गाइडिंगचा गाभा म्हणजे संघ पद्धत. सहा ते आठ मुलींचा एक संघ, सहसा फुलाचं नाव घेतलेला, त्यांची एक संघनायिका, असे तीन-चार संघ मिळून एक कंपनी. संघनायिका मोठी असेलच असं नाही, आठवी-नववीतली मुलगीच असते. सगळ्या संघनायिका आणि कॅप्टन मिळून जी बैठक घेतात तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात, तिथे कॅम्प कुठे न्यायचा, कोणाच्या चुकीचं काय करायचं, खरी कमाईचे पैसे कशावर खर्च करायचे हे मुली ठरवतात, कॅप्टनने सल्ला द्यायचा आणि गप्प बसायचं असा नियम आहे, तो पाळणं बाईंना सगळ्यात अवघड जातं.

खरी कमाई हा शब्द महाराष्ट्रात शाळेत शिकलेल्या कोणालाही समजावून सांगायची गरज नाही. भेळ, सरबत, इडली असे स्टॉल लावायचे किंवा कोणाचं काम करून दिलं त्याचे पैसे घ्यायचे. फुकट मागायचं नाही, कष्ट करून मिळवायचं. आता यात एक फरक बघा: काही ठिकाणी आया घरून डबे भरून भेळ पाठवतात आणि मुली फक्त टेबलामागे उभ्या राहतात, तर काही ठिकाणी मुलीच बाजारात जाऊन चुरमुरे-फरसाणचा भाव विचारतात, कांदा किती लागेल याचा हिशोब वहीत मांडतात, उरलेल्या चिंचेच्या चटणीचं काय करायचं यावरून भांडतात आणि संध्याकाळी नोटा-चिल्लर वेगळी करून नफा काढतात. कार्यक्रमाचं नाव एकच, पण पहिल्या प्रकारात मुलींना काहीच मिळत नाही. कॅम्पचंही तसंच, तीन विटांच्या चुलीवर ओल्या लाकडांनी आठ जणींचा भात शिजवायचा की केटरर बोलवायचा हे कॅप्टनवर अवलंबून असतं.

म्हणून ही कॅप्टन कोण असते ते महत्त्वाचं. गाइड कंपनीचं नेतृत्व बाईच करते, त्यामुळे शाळेत प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका नसतील तर मुलांचं स्काउट पथक चालू आणि मुलींचं बंद अशी वेळ येते. तत्त्वतः हे काम स्वयंसेवेचं आहे, पगार नसतो. आपल्याकडे पथकं बहुतेक शाळांशी जोडलेली असल्याने शिक्षिकांवरच ते येतं आणि बऱ्याचदा "मॅडम, यंदा तुम्ही बघा" एवढ्यावर नेमणूक होते. शाळेबाहेरचं ओपन युनिटही काढता येतं, तिथे माजी गाइड, एखादी आई, नोकरी करणारी मुलगी पुढे येऊ शकते, ही वाट आपल्याकडे फार कमी वापरली जाते.

मोठ्यांसाठीचं प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने होतं. आधी ओळखीचा छोटा कोर्स, मग बेसिक, मग ॲडव्हान्स आणि पुढे हिमालय वुड बॅज, बोलताना सगळे एचडब्ल्यूबीच म्हणतात. मधल्या काळात आपल्या पथकात काम करून दाखवावं लागतं. बॅज म्हणजे चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी, ही पद्धत 1919 ला लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये सुरू झाली. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे. कोर्समध्ये शिक्षिकांनाही संघात विभागतात, संघनायिका होऊन तंबूत राहावं लागतं, स्वतःचं जेवण स्वतः करावं लागतं, शेकोटीला नाटुकली बसवावी लागते. पन्नाशीच्या मुख्याध्यापिकेला सकाळच्या तपासणीत चादरीची घडी नीट नाही म्हणून गुण कापले गेले की तिला मुलींचं म्हणणं जरा लवकर कळतं. पुढे प्रशिक्षक व्हायचं असेल तर असिस्टंट लीडर ट्रेनर आणि लीडर ट्रेनर असे स्तर आहेत. यातून राष्ट्रीय पातळीवर गेलेल्यांत लक्ष्मी मजुमदार यांचं नाव मोठं, 1964 पासून जवळजवळ दोन दशकं त्या संघटनेच्या राष्ट्रीय आयुक्त होत्या.

पुणेकरांना माहीत नसलेली पुण्यातली एक जागा म्हणजे संगम. गाइड्सच्या जागतिक संघटनेची मोजकीच केंद्रं आहेत, पहिलं स्वित्झर्लंडमधल्या आडेलबोडेनला 1932 चं, दुसरी मेक्सिको आणि लंडनला, आणि त्यातलंच एक आळंदी रोडवर. ते 16 ऑक्टोबर 1966 ला सुरू झालं. देशोदेशीच्या मुली आणि मोठ्या स्वयंसेविका इथे येऊन राहतात, काही जणी पुण्यातल्या सामाजिक संस्थांमध्ये काम करतात. 22 फेब्रुवारीला, म्हणजे रॉबर्ट बेडन-पॉवेल आणि त्यांची पत्नी ऑलेव्ह या दोघांच्याही वाढदिवसाला, जगभर चिंतन दिन पाळतात.

नोकरीचाही एक मार्ग आहे आणि पालक सहसा आधी तोच विचारतात. रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातून भरती होते, त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार किंवा एचडब्ल्यूबी लागतो, शिवाय संघटनेत किमान पाच वर्षं सक्रिय असणं आणि राष्ट्रीय वगैरे पातळीच्या कार्यक्रमांत भाग घेतलेला असणं या अटी असतात. जागा थोड्या असतात. त्यामुळे फक्त कोट्यासाठी मुलीला दहाव्या वर्षी घालायचं म्हणत असाल तर तिला बहुधा कंटाळा येईल.

महाराष्ट्रात राज्य कार्यालय दादरला शिवाजी पार्कवर आहे आणि कंपनी सुरू करायची असेल तर जिल्हा संघटक (गाइड) यांच्याकडे जायचं. तिथे पहिला प्रश्न मुली किती हा नसतो, कॅप्टन कोण आणि तिचा कोर्स झालाय का, हा असतो.