हंपी एका दिवसात: विरूपाक्षाचं दर्शन आम्ही शेवटी का ठेवतो

बस पहाटे होस्पेटला लागली की चहाच्या टपरीवरच ठराव होतो, "आधी विरूपाक्षाला जाऊ, मग बाकीचं बघू." विरूपाक्ष म्हणजे हंपीतलं शिवमंदिर, भावना रास्त आहे. तरी आमची गाडी आधी विठ्ठल मंदिराकडे वळते आणि कोणी ना कोणी रुसतं, म्हणून हे पत्रक.

विठ्ठल मंदिरापर्यंत गाडी जाऊ देत नाहीत. साधारण किलोमीटरभर अलीकडे उतरायचं आणि बॅटरीच्या गाडीसाठी रांग लावायची, नाहीतर चालायचं. सकाळी हे झटपट उरकतं. दुपारी रांग वाढते, वर मंदिराचं आवार म्हणजे उघडी फरसबंदी. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ डोळे मिचकावत बघावा लागतो. विरूपाक्षाला आधी गेलं की दर्शन होतं, मग माकडांचे फोटो, मग "दहा मिनिटं जरा दुकानं बघतो". ती दहा मिनिटं कधीच दहा नसतात. त्याची भरपाई हजारराम मंदिरात होते. तिथे भिंतींवर रामायण कोरलेलं आहे आणि मंडळी ते चालता चालता बघतात.

उलट विरूपाक्षाला संध्याकाळ सोसते. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर हंपी, म्हणजे विजयनगरची राजधानी, उद्ध्वस्त झाली, पण या मंदिरात पूजाअर्चा आजही चालू आहे. चपला काढून फिरावं लागतं, त्यामुळे उन्हं उतरल्यावर पायांनाही बरं. मंदिरातल्या भिंतीवर पडणारी गोपुराची उलटी सावली बघायची असेल तर मात्र उजेड असेपर्यंत पोहोचावं लागतं, ते आम्ही सांभाळतो. बाहेर पडलं की शेजारीच हेमकूट टेकडी, सूर्यास्ताला.

तिकीट जपून ठेवा. विठ्ठल मंदिराचं तिकीट त्याच दिवशी कमलमहाल, गजशाळा आणि कमलापूरच्या संग्रहालयालाही चालतं. दर खेपेला दोघं-तिघं ते टाकून देतात आणि कमलमहालाच्या दारात सगळी बस त्यांच्यासाठी थांबते. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, म्हणून आम्ही शुक्रवारची सहल काढत नाही. भर दुपारी सावलीत बसून हंपीची प्रतिकृती बघितली की सकाळी काय पाहिलं ते नीट जुळतं. "संग्रहालय गाळा" म्हणणाऱ्यांनी एकदा बघून मग बोलावं.

विठ्ठल मंदिरात विठोबाचं दर्शन होतं का? नाही, गाभारा रिकामा आहे. विजयनगरचा राजा कृष्णदेवराय याने नेलेली मूर्ती संत भानुदासांनी पंढरपूरला परत आणली, अशी आपल्याकडची परंपरा आहे. ती कथा आमचा गाईड तिथेच उभं राहून सांगतो. संगीत खांब वाजवून बघायला मनाई आहे. त्यांचा आवाज गाईड मोबाइलवर ऐकवतो, तेव्हा कृपया बोटं आवरा.

राहिला अंजनाद्री, हनुमानाचं जन्मस्थान मानला जाणारा डोंगर. समोर दिसतो खरा, पण तो तुंगभद्रेच्या पलीकडे आहे. बसला पुलावरून वळसा घालावा लागतो आणि वर ५७५ पायऱ्या. एका दिवसात तो बसवायचा तर बाकीच्यांची दोन ठिकाणं कापावी लागतात, म्हणून आम्ही बसवत नाही. नदीपलीकडचं आनेगुंदी गाव आणि अंजनाद्री आमच्या दोन दिवसांच्या सहलीत आहेत. तसं हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा, होस्पेटला उतरल्यावर नको.