हवाई अंतर व उड्डाणकाल

दोन शहरांमधील पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर म्हणजे त्यांचे हवाई अंतर. ते बृहद्वृत्ताच्या कंसावर मोजतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल पृष्ठभागाला ज्या वर्तुळात छेदते ते बृहद्वृत्त. सपाट नकाशावर हा कंस ध्रुवाकडे फुगलेला दिसतो आणि विमान उगाच वळसा घेते असे वाटते. 60° उत्तर अक्षवृत्तावर परस्परांपासून 180 रेखांश दूर असलेली दोन स्थळे घेतल्यास, अक्षवृत्ताच्या कडेने 10,000 किमी. जावे लागते; ध्रुवावरून तेच अंतर 6,667 किमी. भरते (पृथ्वी पूर्ण गोल धरून).

कायम एकच दिशा धरून जाणारा मार्ग आणि बृहद्वृत्त एक नव्हेत, हे पोर्तुगीज गणिती पेद्रू नुनिश यांनी 1537 मध्ये मांडले. अक्षांश-रेखांशांवरून बृहद्वृत्तावरील अंतर काढण्याच्या, नाविकांच्या वापरातील ‘हॅव्हरसाइन’ सूत्राच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. हे नाव जेम्स इन्मन यांनी 1835 मध्ये रूढ केले; पण इंग्रजीतील पहिली कोष्टके जेम्स अँड्र्यू यांची (1805) मानतात, तर गणितेतिहासकार फ्लोरियन काजोरी पहिल्या वापराचे श्रेय मेंदोसा इ रिओस यांना (1801) देतात. नाव इन्मन यांचे, वापर त्याआधीचा, असे धरणे अधिक सयुक्तिक. कोनाचा हॅव्हरसाइन म्हणजे (1 − कोज्या) या राशीचा अर्धा भाग (कोज्या म्हणजे कोसाइन). ती मूळ राशी भारतीय ज्योतिषात ‘उत्क्रमज्या’ म्हणून परिचित होती व सूर्यसिद्धांतात तिची मूल्ये दिली आहेत. मात्र यावरून नाविकांच्या सूत्रापर्यंत सलग परंपरा जोडणे धाडसाचे ठरेल. ऋण संख्येचा लॉग (लॉगॅरिदम) निघत नाही; हॅव्हरसाइन कधीच ऋण नसल्याने लॉगकोष्टकांवर काम करणाऱ्या नाविकांची मोठी सोय झाली.

पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे 6,378 किमी., ध्रुवीय 6,357 किमी.; त्यामुळे गोल धरून काढलेल्या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. थॅडियस व्हिन्सेंटी यांची 1975 ची पद्धत हा दोष टाळते, पण जवळजवळ प्रतिध्रुवी (पृथ्वीगोलावर एकमेकांच्या थेट विरुद्ध बाजूंच्या) स्थळांसाठी तिचे गणित उत्तरावर स्थिरावत नाही.

अंतराला वेगाने भागून उड्डाणकाल मिळत नाही. वेळापत्रकातील वेळ (ब्लॉक टाइम) विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीकडे जाणे, रांगेत थांबणे हे सारे तीत आले. मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह (खूप उंचीवरचे वेगवान वारे) दोन दिशांचे काल वेगळे करतात. न्यूयॉर्क–लंडन (सुमारे 5,550 किमी.) प्रवासापेक्षा परतीला साधारण तासभर अधिक लागतो. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक विमान 4 तास 56 मिनिटांत लंडनला पोहोचले होते. हवाई हद्दीचे निर्बंधही कमी परिणामकारक नाहीत: 2022 मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास सुमारे साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेला, हवाई अंतर मात्र तेच राहिले.